धडे पूर्ण होतात, प्रश्नांची उत्तरंही बरोबर येतात, तरी फाईल सेव्ह करता येत नाही, असं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही अगदी नवख्या विद्यार्थ्यांसाठी लिंकांनी जोडलेली चाळीसेक पानं तयार केलीत, त्यात चित्रं आहेत, क्लिक करायची बटणं आहेत, प्रत्येक भागाच्या शेवटी प्रश्न आहेत. विद्यार्थी सगळी पानं संपवतात, उत्तरंही बरोबर देतात, आणि मग समोर रिकामा डेस्कटॉप ठेवून तुम्ही म्हणालात की एक फाईल बनव, तिला नाव दे, सेव्ह कर, तर हात जागच्या जागी थांबतो. तुम्ही विचारलंय की आणखी लिंका आणि माहिती टाकू का, व्हिडिओ लावू का, की हे सगळं सोडून देऊन समोर उभं राहून शिकवू.

मी बरीच वर्षं कॉम्प्युटरची सुरुवात शिकवतेय, असे धडे स्वतः बनवलेत, मोडलेत, परत बनवलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिलं म्हणजे तुमचे विद्यार्थी कच्चे नाहीत आणि तुमची मेहनतही वाया गेलेली नाही. त्यांनी जो सराव केला तो त्यांना पक्का आलाय, फक्त तो सराव धडा संपवायचा होता, कॉम्प्युटर वापरायचा नव्हता. माझ्या एका वर्गात एकीनं सगळे धडे न अडखळता केले, मग मी ब्राउझर बंद करायला लावला आणि म्हटलं आता हेच खरं करून दाखव, तर ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली आणि मग हळूच विचारलं, "मॅडम, इथं पुढे जायचं बटण कुठंय?" मला तो प्रश्न अजून आठवतो. धड्यात पुढची पायरी कुठली हे धडा सांगतो, खऱ्या कॉम्प्युटरवर ते आपलं आपण ठरवायचं असतं, आणि हे ठरवायचं कामच आपण धडा सोपा करता करता त्यातून काढून घेतलेलं असतं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधी सांगते. विद्यार्थ्यांना वाचायचा सराव किती आहे, त्यांनी आधी फोन वापरलाय का, प्रत्येकाला स्वतंत्र मशीन मिळतं की दोघांत एक, तुम्ही वर्गात असता की ते एकटेच धडे करतात, यावर बरंच ठरतं. कुणीच जवळ नसेल तर धड्यात जास्त आधार द्यावा लागतो. तुम्ही तिथं असाल तर धडा जितका मुका ठेवाल तितका चांगला, कारण बोलायचं काम तुम्ही करू शकता. मी धरून चालतेय की तुम्ही वर्गात असता आणि बहुतेकांनी फोन वापरलाय.

एक अडचण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. लिंकांचा धडा ब्राउझरमध्ये चालतो, आणि ब्राउझर चालवायला स्क्रोल करता यायला हवं, क्लिक यायला हवं, मागे कसं जायचं ते माहीत हवं, टॅब म्हणजे काय ते कळायला हवं. म्हणजे जे शिकवायचंय तेच आधी येत असावं लागतं. मी पहिल्या दिवशी धडा उघडतच नाही. माउस हातात देते, पॉइंटर हलवणं, क्लिक, ओढून नेणं एवढंच, त्यासाठी पत्त्यांचा साधा खेळ फार कामाचा. 1990 साली विंडोज 3.0 बरोबर सॉलिटेअर आला, आणि तो खेळता खेळता किती जणांचा ड्रॅग करायचा हात बसला असेल. त्यातच कंट्रोल झेड शिकवते. चुकलं तर मागे घेता येतं हे एकदा स्वतःच्या हातानं अनुभवलं की भीती निम्म्यानं जाते, आणि घाबरलेल्या माणसाला कितीही सुंदर धडा द्या, तो वाचत नाही, नुसता सुटका शोधतो.

त्यातलाच दुसरा घोळ म्हणजे एक क्लिक आणि दोन क्लिक. वेबपानावर लिंक एका क्लिकनं उघडते, डेस्कटॉपवरचं फोल्डर सहसा दोन क्लिकनं. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की फरक आहे हेच जाणवत नाही, नवख्या माणसाला मात्र यात काही संगती दिसत नाही, तो मग सगळीकडेच दोनदा क्लिक करतो. आता धड्यातल्या 'पुढे' बटणावर दोनदा क्लिक झालं की काय होतं? पहिल्या क्लिकला पुढचं पान येतं आणि दुसऱ्या क्लिकला तेही निघून जातं, कारण नवीन पानावरचं बटण बरोबर त्याच जागी असतं. विद्यार्थी एक आड एक पान वाचतो, त्याला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही, आणि आपण म्हणतो लक्ष नाही. विंडोजमध्ये दोन क्लिक एकत्र धरायची ठरीव वेळ 500 मिलिसेकंद असते, म्हणून माझ्या धड्यात पान बदलल्यावर पहिला पाऊण सेकंद बटण चालतच नाही. एवढ्याशा बदलानं पानं वगळली जायची थांबली. तुमच्या धड्यातही हे होतंय का ते आधी बघा, एखाद्याच्या शेजारी बसून नुसतं त्याच्या बोटाकडे बघा.

आता लिंकांचं. आणखी लिंका टाकू का, तर नाही, आहेत त्या कमी करा. हायपरटेक्स्ट, म्हणजे लिंकांनी जोडलेला मजकूर, हा शब्द टेड नेल्सन या अमेरिकन विचारवंतानं 1965 मध्ये वापरला, वाचणाऱ्यानं आपापल्या वाटेनं जावं ही त्यामागची सुंदर कल्पना, आणि ज्याला विषयाचा थोडा अंदाज आहे त्याच्यासाठी ती खरंच मोलाची आहे. पण 1987 मध्येच जेफ कॉंकलिन या संशोधकानं हायपरटेक्स्टच्या दोन दुखण्यांवर बोट ठेवलं होतं, एक म्हणजे आपण कुठे आहोत हेच न कळणं, आणि दुसरं म्हणजे वाचता वाचता कुठली वाट धरायची हे ठरवण्यात डोकं खर्च होणं. नवख्याला दोन्ही एकदम होतात. त्याला फोल्डर म्हणजे काय हेच नीट कळलेलं नाही, आणि त्याच वाक्यात 'ड्राइव्ह' आणि 'पाथ' या दोन शब्दांवर निळ्या लिंका आहेत, तर त्याला वाटतं की हे दाबलं नाही तर काहीतरी राहून जाईल. दाबतो, तिथून तिसरीकडे जातो, आणि मूळ पान हरवतं. जो विषय माहीत नाही त्यात कुठली वाट महत्त्वाची हे त्यानं कशावरून ठरवायचं?

म्हणून मी एक सरळ मुख्य रस्ता ठेवते, पानामागून पान, आणि प्रत्येक पानावर फार तर एक आडवाट. ती आडवाटही दुसऱ्या पानावर नेत नाही, शब्दावर क्लिक केलं की तिथंच खाली दोन ओळींचा अर्थ उघडतो आणि परत क्लिक केलं की मिटतो. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिच्यात, डिटेल्स आणि समरी हे दोन टॅग (खुणेचे शब्द) यासाठी तयारच आहेत, वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. नवीन टॅबमध्ये उघडणारी लिंक तर मुळीच नको, कारण त्या टॅबमध्ये मागे जायचं बटण चालत नाही, विद्यार्थी ते दाबत राहतो, काहीच होत नाही, मग तो सगळंच बंद करतो आणि धडा पहिल्यापासून सुरू करतो. लिंकेच्या शब्दात ती कुठे नेते ते लिहा, 'इथे क्लिक करा' नको, 'फोल्डर कसं उघडायचं' असं हवं. आणि पाहून झालेल्या लिंकेचा रंग बदलणं बंद करू नका, दिसायला नीटनेटकं वाटावं म्हणून पुष्कळ जण ते बंद करतात, पण नवख्याला आपण इथं येऊन गेलोय हे सांगणारी तीच एक खूण असते.

शक्य असेल तिथं पान स्क्रोल न करता मावेल एवढंच ठेवा. खाली अजून मजकूर आहे हे त्यांना दिसत नाही. स्क्रीनच्या कडेपर्यंत आलं की पान संपलं असं ते धरून चालतात. बटणंही मोठी हवीत. वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून जे निकष आहेत त्यांच्या 2023 सालच्या आवृत्तीत क्लिक करायच्या जागेसाठी किमान 24 बाय 24 पिक्सेल सांगितलेत, पण ज्याचा हात माउसवर बसलेला नाही त्याच्यासाठी मी याच्या दुप्पट तरी ठेवते.

आता मुख्य मुद्दा. धड्यातला सराव खऱ्या मशीनवर व्हायला हवा. तुमच्या पानांवर बहुतेक खिडकीचं चित्र असेल आणि त्यातल्या बरोबर जागी क्लिक केलं की पुढचं चित्र येत असेल. असं असलं की विद्यार्थी चित्रभर क्लिक करत सुटतो, कुठेतरी लागतंच, आणि पान पुढे जातं, कारण चुकीच्या जागी क्लिक केल्यावर काहीच घडत नाही. खऱ्या कॉम्प्युटरवर चुकीच्या जागी क्लिक केलं की काहीतरी वेगळं घडतं, आणि त्यातून परत येणं हेच अर्धं शिकणं आहे. याच्या उलटही होतं, नुसतं दाखवायला ठेवलेल्या चित्रातल्या बटणावर विद्यार्थी क्लिक करत बसतात, कारण चित्र कुठलं आणि खरी खिडकी कुठली हे त्यांना वेगळं दिसत नाही. मी आता प्रत्येक चित्राला जाड राखाडी चौकट घालते आणि वर 'चित्र' असं लिहिते, आणि सगळी खिडकी न दाखवता जेवढा कोपरा हवाय तेवढाच कापून घेते.

खऱ्या मशीनवरचं काम धड्याला कसं कळणार, ही पुढची अडचण. यासाठी मी दोन युक्त्या वापरते आणि माझ्या सगळ्या धड्यांचा कणा त्याच आहेत. पहिली युक्ती अशी की मी आधीच प्रत्येक मशीनवर एक सरावाचं फोल्डर ठेवते, त्यात आणखी फोल्डरं, आणि आत कुठल्यातरी फाईलमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. धड्याचं पान म्हणतं, सराव नावाच्या फोल्डरमध्ये 'पत्रे' फोल्डर आहे, त्यातली तिसरी फाईल उघड आणि आत दिसेल तो आकडा इथं लिही. आकडा बरोबर असेल तरच पुढचं पान. धड्यात नुसतं क्लिक करून तो मिळतच नाही, धडा बाजूला ठेवून बाहेर जावंच लागतं. शब्दाऐवजी आकडा अशासाठी की टायपिंग अजून आलेलं नसतं, आणि प्रत्येक मशीनवर वेगळा आकडा अशासाठी की ते एकमेकांना सांगतात, आणि सांगणारच, त्यात त्यांची काही चूक नाही.

दुसरी युक्ती याच्या उलट दिशेची. विद्यार्थ्यानं फाईल बनवली का हे धडा आपण होऊन बघू शकत नाही, ब्राउझर कुठल्याही पानाला तुमच्या डिस्कवर डोकावू देत नाही आणि ते बरोबरच आहे. पण पानावर 'फाईल निवडा' असं बटण ठेवता येतं, ईमेलला काही जोडताना असतं तसं. विद्यार्थी ते दाबतो, समोर खिडकी उघडते, त्यात त्याला आपली फाईल शोधून द्यावी लागते, आणि थोड्या जावास्क्रिप्टनं (वेबपानात लिहायच्या छोट्या प्रोग्रॅमची भाषा) पानाला त्या फाईलचं नाव, आकार, शेवटचा बदल कधी झाला ते आणि साधी मजकुराची फाईल असेल तर आतला मजकूरही वाचता येतो. फाईल कुठेही पाठवली जात नाही, इंटरनेट लागत नाही. पान मग सांगतं की नाव बरोबर आहे पण आत काहीच लिहिलेलं नाही, बदल केल्यावर सेव्ह करायचं राहिलं का ते बघ. या सांगण्याचा विद्यार्थ्यावर जेवढा परिणाम होतो तेवढा माझ्या शंभर वेळा सांगण्याचा होत नाही, कारण ते त्याच्या स्वतःच्या फाईलबद्दल असतं.

यात एक अडचण नक्की येणार, ती आधीच सांगते. धड्याची खिडकी आणि कामाची खिडकी एकमेकींवर येतात. धड्यातली पायरी वाचायची, लक्षात ठेवायची, खिडकी बदलायची, जागा शोधायची, तोवर पायरी विसरलेली असते. लक्ष असं दोन ठिकाणी फाटलं की शिकणं मंदावतं, यावर मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ काम केलंय, आणि वर्गात ते रोज दिसतं. विंडोजवर विंडोजची की धरून डावा बाण दाबला की खिडकी अर्ध्या स्क्रीनवर बसते, उजवा बाण दाबला की दुसऱ्या बाजूला. सुरुवातीचे काही तास हे मी स्वतः लावून देते, नंतर शिकवते. स्क्रीन लहान असेल तर पायऱ्या कागदावर छापून शेजारी ठेवा, त्यात कमीपणा काही नाही, आणि दोघांत एक मशीन असेल तर एकानं कागद वाचायचा आणि दुसऱ्यानं हात चालवायचा, प्रत्येक धड्याला अदलाबदल. वाचणाऱ्यानं माउसला हात लावायचा नाही हा नियम मात्र कडक पाळायचा, आणि तो आपल्यालाही लागू. आपण मदत म्हणून माउस घेतो, दोन सेकंदांत करून देतो, आणि समोरच्याच्या हातून ते काम निसटतं.

तुम्ही खास फाईल सेव्ह करण्याबद्दल लिहिलंय, त्यावर थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त अडखळणं मी तिथंच बघितलंय. ज्यानं फक्त फोन वापरलाय त्याला 'कुठे ठेवू' हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. फोटो काढला की तो आपोआप फोटोंमध्ये दिसतो, मेसेज लिहिला की तो तिथंच असतो. आणि इथं कॉम्प्युटर अचानक एक खिडकी उघडून विचारतो, नाव काय, जागा कुठली, प्रकार कुठला, तेही बऱ्याचदा धड्याच्या भाषेपेक्षा वेगळ्या भाषेत. तुमचा धडा मराठीत आणि खिडकीवरचे शब्द इंग्रजीत असतील तर धड्यात 'जतन करा' लिहू नका, खिडकीवर जे अक्षरशः दिसतं तेच तसंच्या तसं लिहा किंवा त्या बटणाचं चित्रच द्या. नाहीतर विद्यार्थी 'जतन' शोधत बसतो आणि ते कुठेच नसतं.

शिवाय आपण सहसा नवीन फाईल बनवण्यापासून सुरू करतो, मी ते सगळ्यात शेवटी घेते. आधी तयार असलेली फाईल शोधून उघडायची, नुसती वाचायची, बंद करायची. मग तीच उघडून एक ओळ वाढवायची, सेव्ह करायची, बंद करायची, परत उघडून ओळ आहे का बघायचं. मग आणखी एक ओळ लिहायची आणि मुद्दाम सेव्ह न करता बंद करायचं, आणि परत उघडून बघायचं की ती ओळ गेली. ती गेलेली बघताना चेहऱ्यावर जे येतं ना, तिथं खरं 'सेव्ह' समजतं, त्याआधी तो एक मंत्र असतो. मग त्याच फाईलला दुसऱ्या नावानं सेव्ह करायचं आणि आता दोन फाईली झाल्या हे फोल्डरमध्ये जाऊन मोजायचं. एवढं झाल्यावर नवीन फाईल. तोपर्यंत ती सेव्हची खिडकी चांगली ओळखीची झालेली असते, कारण फाईल उघडायच्या खिडकीत हीच फोल्डरं त्यानं अनेकदा पाहिलीत.

या मुद्दाम-हरवण्याच्या प्रयोगाला एक काळजी घ्या. विंडोज 11 मधलं नवं नोटपॅड, म्हणजे साधा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, सेव्ह न केलेला मजकूरही स्वतःच जपून ठेवतं आणि परत उघडलं की समोर आणतं, त्यामुळे प्रयोग फसतो आणि विद्यार्थी उलटाच धडा घेतो. नोटपॅडच्या सेटिंगमध्ये जाऊन, सुरू होताना मागचं परत उघडू नको, असं ठेवता येतं. वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, ठेवलेल्या वर्डच्या फाईलचंही तसंच, ऑटोसेव्ह म्हणजे आपोआप सेव्ह होणं चालू असतं. मी सरळ लिबरऑफिस रायटर हा वर्डसारखा प्रोग्रॅम वापरते आणि फाईल मशीनवरच ठेवते. ऑटोसेव्ह चांगलं आहे, ते नंतर शिकवायचंच, पण आधी काय आपोआप होतंय हे कळल्याशिवाय नाही.

आता प्रश्नांकडे येते. तुमचे प्रश्न 'सेव्ह करण्यासाठी कुठली की वापरतात' अशा धाटणीचे असतील तर ते ओळख तपासतात, चार पर्यायांत बरोबर ओळखणं वेगळं आणि रिकाम्या जागेतून आठवणं वेगळं. तरी पर्यायांचे प्रश्न अगदीच टाकू नका, फक्त चुकीच्या पर्यायाचं काय करता ते बदला. 1950च्या दशकात शिकवण्याची यंत्रं आली तेव्हा दोन विचार होते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचं म्हणणं होतं की इतक्या बारीक पायऱ्या करा की विद्यार्थी चुकणारच नाही. असेच धडे बनवणाऱ्या नॉर्मन क्राउडरचं म्हणणं वेगळं होतं, विद्यार्थी जो चुकीचा पर्याय निवडतो त्यावरून त्याच्या मनात काय आहे ते कळतं, म्हणून प्रत्येक चुकीच्या उत्तरासाठी वेगळं पान ठेवा. लिंकांचा सगळ्यात चांगला उपयोग मला इथं दिसतो, क्राउडरच्या वाटेनं. 'खिडकी बंद केल्यावर फाईल कुठे जाते' या प्रश्नाला कुणी 'पुसली जाते' म्हणालं तर त्याला एका पानावर न्यायचं जिथं तो खिडकी बंद करून फाईल परत उघडून बघतो, आणि कुणी 'स्क्रीनखालच्या पट्टीत जाते' म्हणालं तर तो बंद करणं आणि खाली दडवणं यात गल्लत करतोय, त्याला दुसऱ्या पानावर न्यायचं. नुसतं 'चूक, परत प्रयत्न करा' लिहिलं तर तो उरलेले पर्याय एकेक करून दाबतो. प्रत्येक प्रश्नाला अशी पानं लिहायला वेळ लागतो हे मला माहितीय. सगळ्यांना लिहू नका, जिथं वर्गातले खूप जण एकाच प्रकारे चुकतात तेवढ्यांनाच लिहा.

आणि आधार हळूहळू काढत न्या, हे तर फारच गरजेचं आहे. पहिल्या धड्यात सगळ्या पायऱ्या लिहिलेल्या, दुसऱ्यात शेवटच्या दोन गाळलेल्या, तिसऱ्यात फक्त काय व्हायला हवं ते लिहिलेलं, कसं ते नाही. माझे जुने धडे शेवटपर्यंत सारखीच बोट धरून नेणारे होते, आणि ती बटण शोधणारी विद्यार्थिनी त्यातूनच तयार झाली होती. जो आधार नवख्याला लागतो तोच जरा येऊ लागलेल्याच्या आड येतो, हेही अभ्यासातून दिसलंय आणि तुमच्या वर्गातल्या चुणचुणीत विद्यार्थ्याचा वैतागलेला चेहरा बघितला तरी कळतं. अशांना मुख्य रस्ता सोडून थेट शेवटच्या कामावर जायची एक लिंक द्या.

काही गोष्टी तर सुरुवातीला बंदच ठेवता येतात. 1984 मध्ये जॉन कॅरल आणि कॅरोलिन कॅरिथर्स या संशोधकांनी दाखवलं की शब्दप्रक्रियेच्या, म्हणजे वर्डसारख्या लिहायच्या, प्रोग्रॅममधली नवख्याला गोत्यात आणणारी कामं अडवून ठेवली, म्हणजे लहान मुलाच्या सायकलला जोडचाकं लावतात तसं केलं, तर लोक मूळ काम लवकर शिकतात. मी टूलबार कमी करून ठेवते, डेस्कटॉपवर दोनच आयकॉन ठेवते. प्रोग्रॅम खराच, फक्त गर्दी कमी.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. हालचाल दाखवायची असेल तिथंच, म्हणजे ओढून नेणं, खिडकीची कड धरून मोठी करणं, कारण स्थिर चित्रात हे दिसतच नाही. अर्धा मिनिट पुरे, आणि तो आपोआप सुरू होऊ देऊ नका. दहा मिनिटांचा व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि हात मात्र तसाच राहतो, म्हणजे तुमचा आत्ताचाच प्रश्न परत येणार.

बनवायचं कशात, तर तुम्हाला जे येतं त्यात. ट्वाइन आणि एच5पी ही असे धडे बनवायची साधनं आहेत, ट्वाइनमध्ये पानांचा नकाशा समोर दिसतो त्यामुळे फाटे किती झालेत ते लगेच कळतं, एच5पीमध्ये प्रश्नांचे तयार प्रकार मिळतात, मी मात्र साध्या एचटीएमएल फाईलीच वापरते कारण त्या पेनड्राइव्हवरून कुठल्याही मशीनवर उघडतात. फाईल यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या चालतात अशा अक्षरसंकेतात, सेव्ह करा आणि पानातही तसं लिहा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन आणि चिन्हं दिसतात. फाईलींची नावं रोमन लिपीत, सगळी छोट्या अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. विंडोज मोठं-छोटं अक्षर सारखंच धरतं, लिनक्सचा सर्व्हर नाही, त्यामुळे घरी चाललेल्या लिंका पानं सर्व्हरवर टाकल्यावर तुटतात आणि नेमक्या वर्ग सुरू झाल्यावर कळतं.

तेव्हा सोडून द्यायचं का, तर अजिबात नको. तुम्ही समोर उभं राहून शिकवलंत तर सगळे एकाच वेगानं जातील, आणि हळू जाणारा मागे पडेल आणि विचारायला लाजेल. धड्याचा हा मोठा फायदा आहे की प्रत्येकाला आपल्या वेगानं जाता येतं आणि तेच पान पाचव्यांदा उघडलं तरी कुणी काही म्हणत नाही. तुमचा त्यातून मोकळा झालेला वेळ मग बघण्यात घाला. मी कागद घेऊन फिरते आणि फक्त हात कुठे थांबला ते लिहिते, कोणाचा थांबला ते नाही. एकाच पानावर तिघांचा हात थांबला तर ते पान मी बदलते.

चाळीस पानं एकदम बदलायला जाऊ नका, फाईल सेव्हचा भाग तेवढा घ्या. त्यातली लिंकांची आडवाट काढा, आकडा शोधायचं एक काम आणि 'फाईल निवडा'चं एक बटण घाला, वर सांगितलेल्या क्रमानं पायऱ्या लावा आणि तीन-चार विद्यार्थ्यांना बसवा. त्या दिवशी काही तपासू नका. आठवडाभरानं धडा न उघडता त्यांना सांगा की मागच्या वेळी बनवलेली फाईल शोधून काढ आणि तिच्यात आजची तारीख घाल. जो अडेल त्याला लगेच सांगू नका, पूर्ण एक मिनिट थांबा, आपल्याला ते मिनिट फार लांब वाटतं पण बरेच जण त्याच मिनिटात स्वतः वाट काढतात. त्यानंतरही कुठे अडले ते इथं लिहा, कुठल्या पायरीला आणि स्क्रीनवर तेव्हा काय दिसत होतं तेवढं सांगितलंत तरी मी त्या पानाचं बघून सांगते.